मार्गदर्शन घेणे हा कमीपणा आहे काय?

विद्यापीठात मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी जादा तास सुरू झाले की आपलीच काही मुले तिकडे फिरकत नाहीत. 'कच्चा' असा शिक्का बसेल, ही भीती. ती खोटीही नाही. हिणवणारे शेजारच्याच बाकावर असतात. पण ज्याचे वडील प्राध्यापक, त्याला कोणता विषय घ्यावा, कोणता ग्रंथ आधी वाचावा, हे घरी जेवताना कळते. त्याला कोणी मदत म्हणत नाही, गुणवत्ता म्हणतात! तेच आपल्या मुलाला विद्यापीठात सांगितले की मेहेरबानी कशी होते?

बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी प्रा. सेलिग्मन यांचे मार्गदर्शन घेतले. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने निघाला, त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच. म्हणून बाबासाहेबांची विद्वत्ता उसनी ठरली काय?

'स्वतःच स्वतःचा दीप व्हा' याचा अर्थ कोणाला विचारू नका, असा घेणाऱ्यांनी विनय पाहावा. समर्थ भिक्खूलाही प्रथम ५ वर्षे गुरूच्या आश्रयाने राहावे लागे. आणि कर्तव्ये एकट्या शिष्याची नव्हती. उपाध्यायाने शिकवावे, शंका फेडाव्यात, शिष्य आजारी पडला तर त्याची शुश्रूषाही करावी. जादा तासाला केवळ हजेरी घेऊन निघून जाणाऱ्या प्राध्यापकांना हे कोण विचारणार?