तसंच झालंय का?

गेल्या वर्षभरात मी एक सँडविच अकरा वेळा केलं. चिंचवड स्टेशनजवळच्या एका छोट्या हॉटेलात ते मिळायचं. हॉटेल कधीच बंद झालं, तिथे आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. मालक कुठे गेले, आचारी कुठे गेला, आसपास कुणाला माहीत नाही. मेनूकार्डाचा फोटो नाही, रेसिपी कुठे लिहिलेली नाही. उरली फक्त आठवण. तिच्या भरवशावर सँडविच करायचं, एक घास घ्यायचा आणि स्वतःला विचारायचं: तसंच झालंय का?

प्रश्न साधा वाटतो. पण प्रत्येक खेपेला मला तो जास्त अवघड वाटत गेला. 'तसंच' म्हणजे नेमकं कशासारखं? आणि ते ठरवणार कोण?

सँडविच तुमच्याही ओळखीचंच आहे. मुंबई-पुण्यात चौकाचौकात मिळतं त्याच घराण्यातलं. ब्रेडला बटर, त्यावर हिरवी चटणी, मग उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, बीट, काकडी, कांदा, वरून भुरभुरलेला मसाला आणि किसलेलं चीज. लांब दांड्याच्या टोस्टरमध्ये दाबून थेट गॅसवर भाजायचे आणि सहा तुकडे करून स्टीलच्या ताटलीत द्यायचे. वेगळेपण एकच होतं. बिटाच्या थराखाली काहीतरी आंबट-गोड लागायचं. ते काय होतं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

बाकीची कोडी सुटत गेली. चटणीचं पाणी ब्रेडमध्ये उतरून सगळ्याचा लगदा व्हायचा. वाटताना मूठभर डाळं घातल्यावर चटणी आळली. बटर अगदी कडेपर्यंत लावायचं असतं, चवीसाठी तर खरंच, पण त्याचा थर चटणीचं पाणी अडवतो म्हणूनसुद्धा. मसाल्यात जिरं, मिरी, बडीशेप, दालचिनी, आमचूर, काळं मीठ. इलेक्ट्रिक ग्रिलरमध्ये रंग येत होता, पण कडा हव्या तशा करपत नव्हत्या. भांड्यांच्या दुकानातून साधा हातटोस्टर आणला आणि तो प्रश्न मिटला. आंबट-गोडासाठी मात्र चिंचेची चटणी, केचप, कैरीचा छुंदा असं करत करत मी आमचूर आणि गुळाच्या घट्ट लेपावर येऊन थांबलो.

माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे या सगळ्याला मी मनात रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणत होतो. आमच्या धंद्यात याची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. आयबीएमने १९८१ मध्ये आपला पीसी आणला. त्यातला बायॉस नावाचा छोटा प्रोग्रॅम आयबीएमच्या मालकीचा, तो नुसता उतरवून घेतला तर खटला ठरलेला. कॉम्पॅक कंपनीने मग कामाचे दोन भाग केले. मूळ बायॉस काय काय करतो, याचं वर्णन एकांनी लिहिलं. दुसऱ्यांनी मूळ कोड न बघता, ते वर्णन वाचून नवा बायॉस लिहिला. १९८२ मध्ये कॉम्पॅकचा पीसी जाहीर झाला आणि आयबीएमसाठी लिहिलेले प्रोग्रॅम त्यावर चालले. तिथे 'तसंच झालंय का?' या प्रश्नाला उत्तर होतं, कारण आयबीएमचं मशिन बाजारात होतं. शेजारी ठेवून ताडून बघता येत होतं. माझ्या ओट्यावर शेजारी ठेवायला काहीच नव्हतं.

शिवाय मूळ म्हणजे तरी कुठलं? लहानपणापासून कॉलेजपर्यंत मी तिथे ऐंशी-नव्वद सँडविचेस खाल्ली असतील. कोथिंबीर महागली की चटणीत पालक वाढला असेल. चीज बदललं असेल. आचारी गावी गेला असेल त्या दिवशी पोऱ्याने केलं असेल. आमच्याकडे कुणी कधी कुठली ओळ बदलली याची नोंद राहते. त्या हॉटेलात अशी नोंद कोण ठेवणार? म्हणजे माझ्या डोक्यातलं 'ते' सँडविच एक नव्हतंच. ऐंशी-नव्वद सँडविचेसची ती सरासरी होती, आणि नेमकं त्या सरासरीचं सँडविच कदाचित एकदाही माझ्या ताटलीत आलं नसेल.

हे लक्षात आल्यावर मी कसोटी बदलली. हुबेहूबपणाचा हट्ट सोडला. आता मी एवढंच विचारायचो: एखाद्या मंगळवारी त्या हॉटेलात हे माझ्यासमोर आलं असतं, तर 'आज काय झालंय याला?' असं मी वेटरला विचारलं असतं का? विचारलं नसतं, तर ते त्यांच्यातलंच.

ही मंगळवारची कसोटी मला बरेच दिवस पुरली. मग तिच्यातलं भोक दिसायला लागलं. परीक्षा घेणारी माझी आठवण, आणि ती स्वतःच जागेवर राहत नव्हती. आठव्या खेपेला चव घेताना मी हॉटेलातल्या सँडविचशी ताडत होतो, की गेल्या रविवारच्या सातव्या खेपेशी? मला सांगता येईना.

फ्रेडरिक बार्टलेट नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने आठवणींवर केलेले प्रयोग १९३२ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्याने इंग्लंडमधल्या लोकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली. गोष्ट आखूड होत गेली आणि ओळखीची होत गेली. कॅनूची साधी बोट झाली, सीलची शिकार जाऊन मासेमारी आली. जे परकं होतं ते गळलं, त्या जागी वाचणाऱ्याच्या जगातलं काहीतरी बसलं. कुणी मुद्दाम खोटं लिहीत नव्हतं. बार्टलेटच्या मते आठवणं म्हणजे ठेवलेली वस्तू बाहेर काढणं नाहीच; आपण ती दर वेळी नव्याने रचतो.

हे वाचताना मला माझा आमचूर-गूळ आठवला. आमच्या घरी आमटीत आमसूल आणि गूळ पडतो. आंबट-गोड म्हटलं की माझ्या जिभेला पहिल्यांदा तेच सुचणार. हॉटेलवाल्यांनी तिथे काय घातलं होतं ते देव जाणे. मी रिकाम्या जागेत माझं घर भरलं असेल, अशी शक्यता बरीच आहे.

एक गोष्ट मात्र कामी आली. कोड लिहिण्याआधी त्याच्या टेस्ट लिहून ठेवायची मला सवय आहे. पहिल्या खेपेच्या आदल्या रात्री मी फोनमध्ये नऊ ओळींची यादी केली होती आणि नंतर तिला हात लावला नाही. 'कडेचा तुकडा टाळूला टोचतो.' 'बिटाचा रंग चीजला लागलेला असतो.' 'चटणीचा वास संध्याकाळपर्यंत बोटांना राहतो.' अशा त्या ओळी. तीही आठवणच, पण निदान माझ्या स्वयंपाकाने बिघडलेली नाही.

आता दुसरा प्रश्न. ठरवणार कोण?

मालक ठरवेल, हे एक उत्तर झालं. त्याचं उदाहरण आमच्या आकुर्डीतच आहे. बजाजची चेतक स्कूटर १९७२ मध्ये आली. थंडीत सुरू होईना तेव्हा ती तिरकी करून किक मारणारे काका तुम्हीही पाहिले असतील. २००९ मध्ये कंपनीने स्कूटर बनवणंच थांबवत असल्याचं जाहीर केलं. जानेवारी २०२० मध्ये चेतक परत आली ती विजेवर चालणारी, आणि २०२२ मध्ये तिच्यासाठी आकुर्डीत नवा कारखाना सुरू झाला. हिला किक नाही, गिअर नाही, पेट्रोलचा वास नाही. तरी ती चेतक, कारण नाव ज्याचं होतं त्यानेच ते पुन्हा दिलं. उलट एखाद्या गॅरेजवाल्याने जुन्याबरहुकूम पार्ट घडवून अगदी तशीच स्कूटर उभी केली, तर चेतक म्हणून ती त्याला विकता येणार नाही. नाव एकाकडे, अनुभव दुसरीकडे, असंही होऊ शकतं.

माझ्या सँडविचला तर नाव देणारा मालकच उरलेला नाही. मग उरले खाणारे. आणि खाणारा मी एकटा नव्हतो.

बाबा भोसरी एमआयडीसीत टर्नर होते. पगार झाल्यावरच्या रविवारी आम्ही तिघं त्या हॉटेलात जायचो. दोन सँडविच यायची, एक आईला, एक मला. बाबा चहा घ्यायचे. 'मला नको, जड होतं' म्हणायचे आणि घरी येऊन आमटी-भात जेवायचे. दहाव्या खेपेला मी दोघांसमोर ताटल्या ठेवल्या आणि विचारलं, तसंच झालंय का?

आईने दोन घास खाल्ले. "चटणी तशीच आहे. पण हे आंबट-गोड काय घातलंस? असलं काही नव्हतं त्यात."

बाबा ताटलीकडे बघत होते. "दिसायला तसंच आहे. पस्तीस रुपयांचं होतं. मग चाळीस केलं त्यांनी. एका सँडविचला दीड तास ओव्हरटाइम, असा हिशेब असायचा माझा."

एकाच टेबलावर बसलेल्या तीन माणसांकडे तीन वेगळी सँडविचेस होती. माझ्या आठवणीत आंबट-गोड, आईच्या आठवणीत नाही, आणि बाबांच्या आठवणीत चवच नाही, किंमत आहे. ते दीड तास मला कुठल्याही रेसिपीत घालता येणार नाहीत. घालता आले असते तरी घालू नयेत.

मग बाबांनी एक तुकडा उचलून खाल्ला आणि म्हणाले, "असं लागायचं होय हे!"

त्या वाक्यावर मी अडकलो. बाबांकडे ताडून बघायला काहीच नव्हतं. माझी नक्कल हेच त्यांचं मूळ. त्या हॉटेलाची चव म्हणजे यापुढे त्यांच्या लेखी माझा आमचूर-गूळ, जो आईच्या मते तिथे कधी नव्हताच. मी लगेच सांगितलं, "बाबा, ते आंबट-गोड माझ्या अंदाजाचं आहे. आई नाही म्हणतेय."

"असू दे," बाबा म्हणाले. "मला तेच आवडलं."

हे फक्त आमच्या घरात घडतं असं नाही. पिंपरीच्या ज्या भागाला आपण आजही कॅम्प म्हणतो, तो फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून वसला. तिथलं दाल-पकवान तुम्ही खाल्लं असेल: कुरकुरीत तळलेलं पकवान, चण्याची डाळ, वर चटण्या आणि कच्चा कांदा. ज्यांनी ते इथे पहिल्यांदा केलं, त्यांचं स्वयंपाकघर सीमेपलीकडे राहिलं होतं. हाताशी इथला मैदा, इथली डाळ, इथलं पाणी आणि जिभेवरची आठवण. ते एकमेकांना 'तसंच झालंय का?' विचारू शकत होते. त्यांच्या इथे जन्मलेल्या मुलांना तो प्रश्नच उरला नाही. त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारख्या पिंपरी-चिंचवडकरासाठी, कॅम्पातलं दाल-पकवान हेच दाल-पकवान. ते खोटं आहे असं कोण म्हणेल? एका पिढीची नक्कल पुढच्या पिढीचं मूळ होते, आणि बहुतेक मूळ गोष्टी अशाच झालेल्या असणार.

म्हणूनच मला वाटतं, नक्कल करणारा उत्तरदायी असतो तो त्याच्या मागून येणाऱ्यांना. मूळ सँडविचला माझ्या प्रामाणिकपणाने काही फरक पडत नाही, ते संपलं. ज्याने ते खाल्लंय त्याला मी फसवूही शकत नाही. आईसारखं तो सरळ 'नव्हतं' म्हणेल. पण ज्याच्याकडे ताडून बघायला काही नाही, तो पूर्णपणे माझ्या शब्दावर विसंबून असतो. त्याला कुठलं आठवणीतलं आणि कुठलं अंदाजाचं हे सांगणं माझं काम आहे. आजोबांची गोष्ट पुढे सांगणाऱ्याचं आणि पडका वाडा पुन्हा बांधणाऱ्याचंही तेच काम.

कुणी म्हणेल, सँडविचच तर आहे, चांगलं लागलं की झालं. मान्य. मी त्याला माझं सँडविच म्हणत असेन तर झालंच. पण मी 'त्या हॉटेलातलं' म्हणतो, तेव्हा दुसऱ्याच्या नावावरचा विश्वास वापरत असतो. आणि कुणी याच्या उलट म्हणेल की मग करूच नये, आठवण आहे तशी जपावी. पण न शिजवलेली आठवणही आहे तशी राहत नाही, हे बार्टलेटने दाखवलंच आहे. आणि मी केलं नसतं, तर बाबांकडे फक्त पस्तीस रुपये राहिले असते.

सध्या माझ्या फोनमध्ये ही रेसिपी तीन खुणांसकट आहे: 'आठवतं', 'अंदाज', 'आमचं'. बटर, बटाटा, बीट, हातटोस्टर यांच्यापुढे 'आठवतं'. मसाल्याच्या प्रमाणापुढे 'अंदाज'. आमचूर-गुळापुढे आधी 'अंदाज' होतं आणि कंसात 'आईला मान्य नाही'. अकराव्या वेळी बाबांनी तो लेप जरा जास्त लावायला सांगितला, तेव्हा ते खोडून मी तिथे 'आमचं' लिहिलं. कंस तसाच ठेवलाय. कुणी रेसिपी मागितली तर कंसासकट पाठवतो.