घराचं कायझेन

१९७२ साली बजाजची चेतक आली आणि त्याच वर्षी पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाची स्थापना झाली. कारखान्यांत राबणाऱ्यांना जवळच, परवडेल असं घर मिळावं हा त्यामागचा हेतू. पुढच्या वर्षांत गावाकडून आलेल्या तरुणांनी निगडी-आकुर्डीत कर्ज काढून घरं उभी केली. ती पंचविशीतल्या गुडघ्यांची घरं होती. उभा जिना, उकिडवं बसायचा संडास, न्हाणीला उंबरा, छताला टेकलेले माळे. त्यातल्याच एका घरातल्या फिटरची ही गोष्ट.

गल्ली त्यांना अण्णा म्हणे आणि त्यांच्या बायकोला काकू. अख्खी नोकरी मेंटेनन्समध्ये गेली. भिंतीवर कायझेनची सर्टिफिकेटं. या पट्ट्यात हा शब्द घरोघरी ठाऊक आहे. जपानी कारखान्यांतून आलेली ही रीत: कामगारानंच आपल्या जागेवरची अडचण हेरायची, कमी खर्चात ती दूर करायची, आणि शीटवर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असं लिहून लावायचं. अण्णांचं सगळ्यांत गाजलेलं कायझेन अगदी साधं होतं. नट-बोल्टचे ट्रे त्यांनी जमिनीवरून उचलून कमरेच्या उंचीवर आणले. माणसांचं दिवसभराचं वाकणं वाचलं. “काम माणसाच्या हाताशी आलं पाहिजे,” असं ते नव्या पोरांना बजावत.

सत्तरी उलटली तेव्हा सुनेनं न्हाणीत धरायला दांडा आणि संडासात कमोड बसवू या म्हटलं. ती चाकणच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. अण्णा उखडले. “मी काय पेशंट आहे? घराचा दवाखाना करायचा नाही.”

एका पहाटे ओल्या फरशीवर त्यांचा पाय सरकला. टॉवेलची दांडी धरली, तर ती स्क्रूसकट उपटून हातात आली. भिंतीला खांदा टेकला म्हणून निभावलं. सून काही बोलली नाही. संध्याकाळी तिनं कोरी कायझेन शीट त्यांच्यापुढं ठेवली. “अण्णा, घराचा एक राउंड मारू. सुरुवात आईंच्या जागेपासून.”

अण्णा स्वयंपाकघरात तासभर उभे राहिले. असं ते पूर्वी कधी राहिले नव्हते. माळ्यावरचे डाळींचे डबे केव्हाच खालच्या कप्प्यात आले होते. पाच लिटरच्या कुकरची जागा तीन लिटरच्या कुकरनं घेतली होती. पोळ्या लाटायला स्टूल होतं. पॅसेजमधला दिवा रात्रभर कुणासाठी जळतो आणि आपल्या अंघोळीनंतर न्हाणी लगेच कोरडी कशी होते, हे त्यांना त्या तासात कळलं. मग सुनेनं त्यांची खुर्ची आडवी केली. चारही पायांखाली लाकडी ठोकळे ठोकलेले होते. ही खुर्ची बसायला-उठायला बरी, असं अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. का बरी, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

“हे कधी केलंस?” अण्णांनी काकूंना विचारलं.

“तुमचा गुडघा दुखायला लागला तेव्हा. सांगितलं असतं तर तुम्ही बसला असता का, अहो?”

आपल्याकडे घरचं सुख म्हणतात त्यातलं बरंचसं असं कुणीतरी न बोलता करून ठेवलेलं असतं, आणि करणारीचे गुडघेही त्याच वयाचे असतात. काकूंना एकटीनं जमण्यासारखं होतं तेवढं त्यांनी केलं होतं. भरलेला गॅस सिलिंडर जवळजवळ ३० किलोचा. तो मात्र त्या अजून ओढतच होत्या.

अण्णांनी हत्यारांची पेटी काढली. पहिल्यांदा सिलिंडरला चाकांची ट्रॉली आली. मग न्हाणीचा दांडा. टाइलमागच्या विटेत खोल भोक पाडून, अँकर फास्टनर घालून त्यांनी तो बसवला, आणि स्वतः लटकून तपासला. उंची काकूंच्या हातानं ठरवली. उंबरा फोडून उतार केला. कमोड आला. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला शॉपफ्लोअरवर असते तशी पिवळी पट्टी मारली आणि वर मोठा दिवा लावला, कारण विशीत पुरतो त्याच्या जवळजवळ तिप्पट उजेड साठीतल्या डोळ्याला लागतो, असं सुनेनं सांगितलं होतं.

शीट भरायला बसले तेव्हा पहिल्या ओळीत त्यांनी खुर्ची लिहिली. ‘कायझेन करणाऱ्याचं नाव’ या रकान्यात काकूंचं नाव घातलं. दांडा आणि उंबरा त्याच्या खाली.

ज्यांनी ही नगरी उभी केली ते कामगार आता सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि त्यांतले कितीतरी अजून त्याच जिन्यांवरून चढ-उतार करतात. तुमच्याही घरात असं कुणी असेल, तर या रविवारी न्हाणीतली टॉवेलची दांडी जरा ओढून बघा. ती टॉवेलापुरतीच बसवलेली असते. आणि तासभर स्वयंपाकघरात उभे राहा.