शेवटची खिंड आणि सोबतचा जीव



आजचं वाचन महाभारतातल्या महाप्रस्थानिक पर्वाचं. १८ पर्वांतलं हे १७ वं, अगदी छोटं, फक्त ३ अध्यायांचं. पांडव राज्य सोडून निघतात. पाच भाऊ, द्रौपदी आणि हस्तिनापुरापासून मागे लागलेला एक कुत्रा. हिमालय ओलांडून, वाळूचा समुद्र ओलांडून मेरूकडे जाताना एकेक जण कोसळतो. आधी द्रौपदी, मग सहदेव, नकुल, अर्जुन, शेवटी भीम. युधिष्ठिर मागे वळून बघत नाही. मग इंद्र रथ घेऊन येतो, म्हणतो चल, फक्त कुत्र्याला इथेच सोड. तिथे मात्र युधिष्ठिर अडून बसतो.

मला लहानपणापासून ही गोष्ट खटकायची. सख्ख्या भावांसाठी थांबला नाही आणि कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारतो? याचं उत्तर मला गेल्या वर्षी लडाखमध्ये थोडंफार कळलं. तेच आज सांगतो.

मी आणि माझा कॉलेजचा रूममेट, पुण्याहून दोन बुलेटवर निघालो होतो. शेवटचं टार्गेट उमलिंग ला. उंची १९,०२४ फूट, एव्हरेस्टच्या नेपाळकडच्या बेस कॅम्पपेक्षाही जास्त. वर्षभर आधीपासून एक्सेल शीट, परमिट, सुट्ट्यांची जुळवाजुळव, सगळं त्या एका खिंडीसाठी. १८ व्या दिवशी संध्याकाळी हानलेला पोचलो. दुसऱ्या दिवशी वर जायचं आणि मग परतीचा रस्ता धरायचा, असा प्लॅन. बफर डे एकही उरला नव्हता.

रात्री त्याचं डोकं दुखायला लागलं. "धुळीनं असेल," म्हणाला. जेवला नाही. पहाटे दोनदा उलटी झाली. सकाळी मी बूट घालून तयार, आणि हा रजईत. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "अरे तू जा रे. मी काय लहान आहे का? पडून राहतो. संध्याकाळी फोटो दाखव."

आणि मी निघालो.

खोटं कशाला बोलू, निघताना वाईट वाटत नव्हतं. डोक्यात कारणांची यादी तयार होती. तो स्वतःच जा म्हणाला. लेहला पहिले दोन दिवस पूर्ण आराम करायचं ठरलं होतं, तरी हा पहिल्याच संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढून आला. पाणी पी म्हटलं तर पीत नव्हता. म्हणजे चूक त्याची, मग माझी ट्रिप का बुडावी? होमस्टेच्या आमा-लेंनी दारात फक्त एवढंच विचारलं, "एकटाच?" मी हसून मान डोलावली.

आज हे पर्व वाचताना लक्षात आलं, युधिष्ठिरसुद्धा तेच करतो. भीम विचारतो, ही का पडली, हा का पडला? युधिष्ठिर प्रत्येकाचा दोष सांगतो. हिला अर्जुनाचा पक्षपात होता, याला बुद्धीचा गर्व, त्याला रूपाचा. मागे राहिलेल्याची चूक सापडली की पुढे जाणाऱ्याचं पाऊल हलकं होतं. हे मी स्वतः अनुभवलंय.

अर्ध्या-पाऊण तासाने पाणी प्यायला थांबलो. टँक बॅग उघडली तर आत ऑक्सिजनचा छोटा कॅन. आम्ही लेहला एकेक घेतला होता. माझा वापरून संपला होता. हा त्याचा होता. रात्री कधीतरी, स्वतःचं डोकं फुटत असताना, त्याने तो माझ्या बॅगेत ठेवला होता.

मी बाइक वळवली.

परत पोचलो तेव्हा तो उठून बाहेर येत होता, आणि भिंतीला धरून चालत होता. टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालून दाखव म्हटलं, तर तिसऱ्या पावलाला तोल गेला. उंचीवर असं होणं म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची खूण असू शकते. त्यावर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं. आमा-लेंच्या घरच्यांनी गाडी बोलावली. दोन्ही बुलेट तिथेच सोडल्या आणि संध्याकाळपर्यंत लेह गाठलं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. तो वाचला, आज ठणठणीत आहे.

डॉक्टर मला एक गोष्ट म्हणाले, ती अजून डोक्यात आहे. अशा माणसाला कधीही एकटं ठेवायचं नसतं, कारण मेंदूवर परिणाम व्हायला लागला की आपलं बिघडतंय हे त्याचं त्यालाच कळत नाही. म्हणजे ज्या "तू जा" वर मी अख्खा निर्णय उभा केला होता, ते म्हणणारा माणूस ते म्हणण्याच्या स्थितीत होता की नाही, हेच मी तपासलं नव्हतं. मला सोयीचं होतं, म्हणून परवानगी समजून घेतलं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इंद्र नेमकं हेच विचारतो: भावांना सोडलंस, मग कुत्र्याला सोडायला काय होतंय? युधिष्ठिराचं उत्तर साधं आहे. ते गेले होते. त्यांना जिवंत करणं माझ्या हातात नव्हतं. जिवंत असताना मी त्यांना सोडलेलं नाही. हा कुत्रा जिवंत आहे आणि माझ्या भरवशावर आहे. पुढे तो म्हणतो की भक्ताला, म्हणजे आपल्यावर विसंबलेल्याला सोडणं हे मोठ्या पापांइतकंच पाप आहे. त्या पापांच्या यादीत मित्रद्रोहसुद्धा आहे.

मला यातून एक कसोटी मिळाली. सोबतचा मागे पडला म्हणून प्रत्येक वेळी थांबायलाच हवं असं नाही. पण एक विचारायचं: माझ्या थांबण्याने त्याला अजून काही फरक पडणार आहे का? पडणार असेल, तर त्याची चूक किती आणि माझं स्वप्न केवढं, हे हिशेब नंतर. तो स्वतः "जा" म्हणाला, याने आपण सुटत नाही. इथे तर देवांचा राजा "सोड" म्हणत होता, तरी युधिष्ठिराने ती सुटका घेतली नाही. आणि तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हे त्याला नंतर कळतं. अडून बसला तेव्हा त्याच्यासाठी तो फक्त कुत्राच होता.

ट्रिपचे शेवटचे चार दिवस आम्ही लेहच्या एका खोलीत काढले. मी स्टोव्हवर भाताची पेज करायचो, तो नावं ठेवत प्यायचा. बाइक पिकअपमधून लेहला आल्या, तिथून ट्रान्सपोर्टने पुण्याला. आम्ही विमानाने. उमलिंग लाचा फोटो माझ्याकडे नाही.

एका प्रश्नाचं उत्तरही नाही. तो कॅन दिसला नसता तर मी वळलो असतो का? युधिष्ठिराला वळायला कुठला कॅन लागला नव्हता. मला लागला. साधना तिथे कमी पडते, एवढं मला कळलंय.

मित्राला ही गोष्ट सांगितली तर म्हणाला, "म्हणजे मी कुत्रा?" म्हटलं, "नीट वाच, धर्म होतास."

आजसाठी एवढंच करा. गेल्या काही दिवसांत "तू हो पुढे, माझं मी बघतो" असं तुम्हाला कोण म्हणालं, आठवा. आई असेल, टीममधला ज्युनिअर असेल. एक फोन करा. खरंच बघतोय का, विचारा.

उद्या भेटू. राम कृष्ण हरी!