सांत्वनाचा व्यापार

ज्या विधानांतील एकेक शब्द सुटा पाहिला असतां खरा, परंतु जें ऐकून श्रोत्याची समजूत मात्र खोटी होते, त्यास असत्य म्हणावें कीं नाहीं? अश्वत्थामा मेल्याचें सांगतांच धर्मराजाचा अधांतरीं चालणारा रथ भूमीस टेकला, तेव्हांच महाभारतकारानें आपलें उत्तर देऊन ठेविलें आहे. मनावर ताण पडला असतां देहांत वाढणारा रस आटोक्यांत आणून वजन उतरविण्याची ग्वाही देणाऱ्या गोळ्यांचा विचारहि आम्हांस याच प्रश्नाच्या पोटांतला वाटतो.

प्रथम त्यांतील सत्य तेवढें पदरांत घेऊं. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथींतून कॉर्टिसॉल नांवाचा रस रक्तांत उतरतो. सकाळीं तो अधिक असतो, रात्रीं उणा होतो, आणि भय वा चिंता यांनीं चढतो. तो प्रमाणाबाहेर वाढत राहिला तर तोंड वाटोळें होतें, पोट सुटतें, हातपाय मात्र कृश होतात. हार्वे कुशिंग या अमेरिकन शस्त्रवैद्यानें १९३२ सालीं वर्णिलेल्या रोगाचीं लक्षणें हींच. येथवर सर्व खरें. पण या दुर्मिळ रोगांत जें घडतें, तेंच कचेरीच्या कटकटींनीं त्रासलेल्या गृहस्थाच्या पोटांतहि घडत असलें पाहिजे, हें अनुमान कोठून आलें? धूर पाहून अग्नि ओळखावा हें आम्ही वर्गांत शिकवितों. ढग पाहून अग्नि ओळखावा असें कोणीं शिकविल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं. सामान्य स्थूल मनुष्याच्या रक्तांत हा रस बहुधा नेहमींच्या मर्यादेंतच आढळतो. शिवाय तो उणा करणें हें निरपवाद हितहि नव्हे. तो अगदींच आटला म्हणजे ॲडिसननें १८५५ सालीं वर्णिलेली व्याधि जडते. तींत वजन उतरतें खरें, पण उपचार न झाल्यास रोगीहि जातो.

अमेरिकेंत 'कॉर्टिस्लिम' नांवाच्या गोळ्यांनीं याच अनुमानावर मोठी पेठ वसविली. बहुतेक सर्वांचें वजन १० ते ५० पौंड उतरेल असें खोटें सांगितल्याबद्दल तेथील संघीय व्यापार आयोगानें २००४ मध्यें फिर्याद केली. जानेवारी २००७ मध्यें ज्या चार उत्पादनांच्या विक्रेत्यांनीं मिळून अडीच कोटी डॉलरांची तडजोड केली, त्यांत हेहि होते. १९९४ च्या तेथील कायद्याप्रमाणें अशा पूरक पदार्थांस विक्रीपूर्वीं सरकारची संमति लागत नाहीं; पुरावा मागितला जातो तो बहुधा माल खपल्यावर.

परंतु या रकमेपेक्षां आम्हांस दुसरीच गोष्ट अधिक बोचते. हा व्यापारी गोळीच्या आधीं सांत्वन विकतो. दोष तुमचा नव्हे, रसाचा आहे, असें तो म्हणतो, आणि यांतहि सत्याचा अंश आहे. स्थूलता हें केवळ जिभेचें पाप नव्हे. आनुवंशिकता, झोप, उपजीविकेचा प्रकार हे सारे तींत वांटेकरी आहेत. लठ्ठ मुलीला पंगतींत आणि लग्नाच्या बोलणींत जें ऐकावें लागतें, तें ऐकून विटलेल्या मनाला हें वचन किती गोड वाटत असेल! जें आप्तांनीं बोलावयाचें तें दुकानदारानें बोलून दाखविलें, ही लाज आपली आहे. पण पुढें पाहा. गोळीबरोबर कमी खावें व रोज चालावें अशीहि सूचना असते. वजन उतरलें तर श्रेय गोळीचें. न उतरलें तर अपराध पथ्य मोडणाऱ्याचा. जो दोष आरंभीं काढून घेतला, तोच किंमत घेऊन गिऱ्हाइकाच्या पदरांत परत घातला जातो. शहाण्यासुरत्या माणसानें स्वखुषीनें पैसे दिले, यांत अन्याय कोणता, असें कोणी म्हणेल. पण जेथें माहितीच वाकविली तेथें खुषी कसली?

आतां आपल्या अश्वगंधेकडे वळूं, कारण हल्लीं हेंच बिरुद तिच्या बाटल्यांवर झळकतें, आणि तिला आपलेपणाची सवलत देतां येणार नाहीं. २०१२ सालच्या एका भारतीय प्रयोगांत ६४ ताणग्रस्त माणसें होतीं; त्यांपैकीं अश्वगंधा घेणाऱ्यांचें कॉर्टिसॉल ६० दिवसांत उतरलें. २०१७ मधील दुसऱ्या प्रयोगांत ५२ जणांवर आठ आठवड्यांत वजनाचाहि थोडा लाभ दिसला. हें कांहींच नव्हे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु इतक्या थोड्यांवर, इतक्या थोड्या काळांत मिळालेलें फळ वर्षानुवर्षें टिकेल, हें त्यावरून ठरत नाहीं. उलट तिच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याचीं उदाहरणें नोंदलीं गेलीं आहेत, आणि डेन्मार्कनें २०२३ मध्यें तिच्यावर बंदी घातली. ती बंदी आम्हांस अतिरेकी वाटते. पण आमच्या पाहण्यांत आलेल्या बाटल्यांपैकीं एकीवरहि त्या इजेचा उल्लेख नव्हता.