माफी आणि हक

माणसाचा हात मोडला तर आपण हातावर इलाज करतो, त्याच्या अखलाकवर बोट ठेवत नाही. पण मार मेंदूला बसला आणि माणूस चिडका, विसराळू, तोंडाला येईल ते बोलणारा झाला, की आपण त्याच्या स्वभावाचा निवाडा करायला बसतो. प्रश्न असा की, या बदललेल्या वागण्याचा जाब त्याला विचारायचा का? आणि विचारायचा नसेल, तर मग आपल्यात त्याची जागा कोणती?

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे अब्बा मोटारसायकलवरून पडले. हेल्मेट हँडलला लटकलेले होते. आपल्याकडे ते बहुधा तिथेच असते. डोक्याचे ऑपरेशन झाले, दीड महिन्याने ते स्वतःच्या पायांनी चालत घरी आले. मोहल्ल्याने अल्लाहचे शुक्र मानले आणि जो तो आपल्या कामाला लागला. मुसीबत त्यानंतर सुरू झाली. सुटे पैसे मोजताना गोंधळ, निरोप विसरणे, ताटावरून बायकोवर हात उगारणे. लोक म्हणतात, "जाने दो, दिमाग पे असर हुआ है." वाक्य दयेचे आहे. पण याच दयेपोटी त्यांना लग्नकार्याच्या मशवऱ्याला बोलावणे बंद झाले, जमातीच्या बैठकीत त्यांचे मत विचारणे बंद झाले. माफ करता करता आपण माणूसच हिशेबातून वजा केला.

ज्याची अक्कल गेली त्याच्यावरची नमाज-रोजाची जबाबदारी उठते, हे मदरशातल्या पोरालाही ठाऊक असते. जबाबदारी उठते, हक उठत नाही. सूरह निसामध्ये ज्यांना आपला माल सांभाळता येत नाही त्यांच्याविषयी सांगताना अन्न आणि वस्त्राच्या जोडीला चांगले बोलणेही सांगितले आहे. अन्नवस्त्र आपण देतो. बोलणे तेवढे विसरतो. शिवाय मेंदूला मार बसलेल्या पुष्कळांची अक्कल गेलेलीच नसते. तिचा एखादा कप्पा बिघडलेला असतो.

मानसशास्त्राच्या पुस्तकांतून फिनिअस गेजची हकीकत येते. 1848 साली अमेरिकेत व्हरमाँटमध्ये रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना साडेतीन फुटांहून लांब लोखंडी सळई त्याच्या गालातून शिरून टाळूतून बाहेर पडली. तो जगला, पण स्वभाव पालटला आणि जुने काम त्याला परत मिळाले नाही. पुस्तके बहुधा इथेच थांबतात. पुढे तो चिली देशात गेला आणि काही वर्षे घोडागाडी हाकत राहिला. रोजची ठरलेली वाट, ठरलेली वेळ, ठरलेले काम यांनीच तो सावरला असावा, असे काही अभ्यासक मानतात. मला ही गोष्ट पटते. माणसाला सूट देणे सोपे आहे. त्याला पेलेल इतके ओझे शोधून देणे कठीण.

पुनर्वसन म्हणजे हे ओझे शोधणे. मुंबईत हाजीअलीच्या परिसरात 1955 पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. दर्ग्याला जाणाऱ्या आपल्यातल्या कितीजणांना ती माहीत आहे? पण रत्नागिरी किंवा नांदेडहून दर आठवड्याला मुंबई गाठणार कोण? म्हणूनच 1978 च्या आल्मा-आटा परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने वस्तीतच, घरच्या आणि शेजारच्या माणसांना शिकवून पुनर्वसन करण्याचा विचार पुढे नेला. त्याला मोठी यंत्रे लागत नाहीत. खिशात एक वही, भिंतीवर दिवसाचा तक्ता, एका वेळी एकच सूचना, आणि शिंप्याच्या दुकानात बटणे लावण्याचे दोन तासांचे काम. आपल्या 2016 च्या अपंग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, पण मेंदूच्या इजेचे स्वतंत्र नाव त्यात नाही. चालणे अडले, वाचा गेली, तर त्या नावाने दाखला मिळू शकतो. नुसता स्वभाव बदलला तर कोणत्या खिडकीवर जायचे?

आणि त्या मुलीच्या अम्मीचे काय? नवऱ्याचा कसूर नाही हे तिला कळते, तरी मार लागतोच. तिला सगळे "सब्र करो" म्हणतात. सब्र तिने खूप केला. तिची मागणी एवढीच आहे की, जुहर ते असर कोणीतरी त्यांच्यापाशी बसावे, म्हणजे तिला शिलाईचे काम घेता येईल. मशिदीच्या व्हरांड्यात त्या वेळी रोज सात-आठ माणसे बसलेली असतात.