कामाबरहुकूम स्नायू

कोंबडीची तंगडी आणि छाती एकदा शेजारी ठेवून पाहा. तंगडीचं मांस तांबूस, छातीचं फिकट. कोंबडी दिवसभर चालते, पंख क्वचित फडफडवते. म्हणून तंगडीत ऑक्सिजन वापरून सावकाश ऊर्जा काढणारी एन्झाइमं जास्त, तर छातीत साखर झटपट मोडणारी. लांब पल्ले उडणाऱ्या कबुतराची छाती मात्र गडद लाल असते.

अंड्यातल्या पिलात हा फरक पुरता उतरलेला नसतो. त्याच्या छातीच्या स्नायूत लॅक्टेट डिहायड्रोजनेज हे एन्झाइम असतं ते हृदयातल्या प्रकारचं. पिलू बाहेर येण्याच्या सुमारास त्याची जागा स्नायूचा खास प्रकार घेतो. क्रिएटिन कायनेज या एन्झाइमचंही तसंच: आधी मेंदूत आढळणारा प्रकार, मग स्नायूचा.

वाढीचं हे वेळापत्रक जन्मतःच ठरलेलं, असं मानणं सोयीचं आहे. सुरुवातीचा आराखडा जनुकं आखतात हे खरंच. पण पुढचं सारं त्यांच्यावर टाकणं मला पटत नाही. मांजराच्या नवजात पिलाच्या मागच्या पायातले स्नायू जवळपास सारखेच संथ असतात. चपळ आणि संथ ही वाटणी नंतर होते. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियात बुलर आणि जॉन व रोझामंड एकल्स या संशोधकांनी अशा स्नायूंचे मज्जातंतू आपसांत बदलून जोडले. चपळ स्नायू संथ झाला, संथ स्नायूचा वेग वाढला. मज्जातंतूतून एखादं द्रव्य झिरपत असावं, असा तेव्हा तर्क होता. पण १९६९ मध्ये सॅमन्स आणि व्हर्बोव्हा यांनी सशाच्या चपळ स्नायूला नुसते मंद गतीचे विजेचे झटके सतत दिले, तरी तो संथ झाला. अशा स्नायूत ऑक्सिजन वापरणारी एन्झाइमं वाढतात, साखर मोडणारी घटतात, हे पुढे दिसलं. म्हणजे निर्णायक ठरते ती कामाची तऱ्हा.

शिवाय वाढीचा तो जुना पाठ स्नायू विसरत नाही. इजा झालेला स्नायू नव्याने घडताना क्रिएटिन कायनेजचा गर्भावस्थेतला घटक पुन्हा बनवू लागतो.

स्नायू बदलायला विजेचे झटकेच लागतात असं नाही. संशोधक हॉलॉझी यांनी १९६७ मध्ये उंदरांना फिरत्या पट्ट्यावर नेमाने पळवलं, तेव्हा त्यांच्या स्नायूंतल्या ऑक्सिजन वापरणाऱ्या एन्झाइमांची क्षमता सुमारे दुप्पट झाली. व्यायामाने ही एन्झाइमं म्हातारपणीही वाढतात. तेव्हा आजारातून उठलेल्या घरातल्या आजी-आजोबांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल, तर मायेपोटी त्यांना खाटेवर बसवून ठेवू नका. हात धरा आणि चालवा.