चंचल मनाचा दोष कोणाचा?

चित्त ठिकाणावर नसणे हे पाप आहे काय, असे एका शिक्षक वारकऱ्याने आम्हांस विचारले आहे. हे गुरुजी शिकवू लागले की पोरे खिळून बसतात. पण हजेरी मांडायची राहते, पेपरांचा गठ्ठा पंधरा-पंधरा दिवस तसाच पडतो, आणि प्रतापगडची लढाई सांगता सांगता गाडी आंब्याच्या मोहोरावर जाते. लोकांनी आळशी म्हटले, तेही स्वतःला तेच म्हणत आले. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी निदान केले : लहानपणापासूनचा अवधान-न्यूनतेचा विकार.

पूर्वी वैद्यकही असेच बोले. १९०२ साली लंडनचे डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांचे वर्णन केले, त्यात त्यांना नैतिक संयमाची उणीव दिसली. आज डॉक्टर सांगतात की ही मेंदूच्या घडणीची गोष्ट आहे, पुष्कळदा घराण्यात चालत आलेली, आणि अनेकांत ती मोठेपणीही उरते. तेव्हा पाप नव्हे, हे आमचे स्पष्ट मत. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन आवरत नाही म्हणून अर्जुन कुरकुरला, तर भगवंतांनी ते मान्यच केले आणि अभ्यास व वैराग्य सांगितले.

पण ज्या पोराचा पेपर तपासला गेला नाही, त्याचा तरी काय दोष? निदान झाले म्हणजे कर्तव्य सुटले असे नाही. उलट आता उपाय ठाऊक झाला. रोज दहाच पेपर घ्यावेत, हजेरीची आठवण एखाद्या चुणचुणीत मुलीकडे सोपवावी, डॉक्टरांनी दिलेले औषध घ्यावे. औषध घेणे म्हणजे नामावर अविश्वास, असे काही मंडळी म्हणतात. चष्मा लावून हरिपाठ वाचणाऱ्यांनी तरी असे म्हणू नये!

डोळे मिटून बसणे साधत नाही, याचेही दुःख नको. आपल्याकडे पाय चालतात, हातांत टाळ असतो, मन भरकटले तरी शेजाऱ्याच्या सुराने पुन्हा चालीवर येते.

राहिले मुख्याध्यापकांना सांगणे. त्याची गुरुजींना लाज वाटते. माउलींच्या सोहळ्यात समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे मात्र वाजतच राहतात. चोपदार तिला दटावीत नाहीत, जवळ जाऊन काय झाले ते विचारतात. गुरुजींनी शाळेत आपला टाळ खुशाल वाजवावा. जवळ येऊन विचारणे हे मग मुख्याध्यापकांचे काम.